वजीर हरवलेला माणूस

रात्री दोन वाजता झोप येत नसेल तर तुम्ही काय करता ते मला माहीत आहे, कारण मीही तेच करतो. फोन उचलतो. आमच्या कामात ऑन-कॉलचा आठवडा असतो, म्हणजे रात्री-बेरात्री सिस्टिम पडली तर उठून बघायचं. त्या आठवड्यात अलर्ट आला तर झोप नाहीच, आणि नाही आला तर येईल या धास्तीनं नाही. अशाच एका रात्री मी चॉसरची ‘द बुक ऑफ द डचेस’ ही दीर्घकविता उघडली, आणि सुरुवातीलाच एक माणूस भेटला ज्याला झोप येत नव्हती.

त्याचं दुखणं माझ्यापेक्षा बरंच जुनं, आठ वर्षांचं. बरं करू शकेल असा वैद्य एकच आहे, म्हणतो, पण कोण ते सांगत नाही. शेवटी बुद्धिबळ-सोंगट्या खेळत बसण्यापेक्षा वाचलेलं बरं असं ठरवून तो पुस्तक मागवतो. (हे बुद्धिबळ लक्षात ठेवा.) पुस्तकात त्याला ओविडची एक गोष्ट सापडते. राजा सेइक्स समुद्रात बुडून मरतो आणि राणी अल्सायनीला ते कळलेलं नाही. ती जूनो देवीला विनवते की निदान स्वप्नात तरी मला खरं काय ते कळू दे. मग झोपेचा देव मॉर्फियस राजाच्या प्रेतात शिरून तिच्या पलंगाशी उभा राहतो आणि सांगून टाकतो. तीन दिवसांत राणी मरते. ओविडच्या मूळ गोष्टीत दोघांचे पक्षी होतात, म्हणजे थोडा दिलासा आहे. चॉसरनं तो दिलासा कापून टाकलाय.

आणि हे सगळं वाचून आपल्या निवेदकाच्या डोक्यात काय राहतं? झोपेचा एक देव असतो, एवढंच! तो मॉर्फियसला कबुतराच्या पिसांची गादी आणि उशा देऊ करतो, मला झोप दे म्हणून. एक बाई नवऱ्यासाठी मेली आणि याला गादी सुचतेय. मला हसू आलं. पुढे कळलं की हा माणूस आख्ख्या कवितेत असाच वागणार आहे, समोरच्याचं दुःख त्याला शेवटपर्यंत कळत नाही, किंवा कळल्याचं तो दाखवत नाही. या दोन शक्यतांमध्ये नेमकी कुठली खरी, यावर सगळी कविता उभी आहे.

पुस्तकावरच डोकं टेकून त्याला झोप लागते आणि स्वप्न सुरू होतं. मे महिन्यातली पहाट, छपरावर पक्षी, खिडक्यांच्या काचांवर ट्रॉयची गोष्ट आणि भिंतींवर रंगवलेलं एक आख्खं काव्य, टीकेसकट: ‘रोमान द ला रोझ’, गुलाबाचं काव्य. चॉसरनं स्वतः या काव्याचं इंग्रजीत भाषांतर केलं होतं, म्हणजे ही भिंत त्यानं सहज रंगवलेली नाही. तेव्हा आधी भिंतीवर काय आहे ते बघू.

खरं सांगायचं तर या भिंतीची मला भीती होती. अॅलेगरी, म्हणजे रूपककाव्य, या प्रकाराशी माझं शाळेपासून जमलं नाही. एकनाथांचं विंचवाचं भारूड गावात रंगताना पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तेच वर्गात आलं तेव्हा विंचू बरोबर अमुक, उतारा बरोबर तमुक, असा दोन रकान्यांचा तक्ता झालं. पुढे मी तक्ते लिहिण्याचाच पगार घ्यायला लागलो, त्यामुळे कवितेत तरी ते नकोत असं वाटायचं.

गुलाबाचं काव्य पहिल्या नजरेला तक्ताच वाटतं. 1230 च्या आसपास गियोम द लोरिस या फ्रेंच कवीनं ते सुरू केलं, सुमारे 4,000 ओळी लिहिल्या, आणि ते अर्धवट राहिलं. वीस वर्षांचा एक तरुण स्वप्नात एका भिंतीबंद बागेपाशी येतो. बाहेरच्या भिंतीवर द्वेष, लोभ, मत्सर, म्हातारपण, गरिबी यांची चित्रं, म्हणजे प्रेमाच्या बागेत ज्यांना प्रवेश नाही त्यांची यादी. दार उघडते ती निवांतपणा नावाची बाई. (ज्याला सकाळी साडेनऊची मीटिंग आहे त्यानं प्रेमात पडू नये, हे 1230 सालीच ठरलेलं होतं.) आत नार्सिससचा झरा आहे, झऱ्यात दिसणारी गुलाबाची कळी आहे, आणि मागून येऊन बाण मारणारा प्रेमदेव आहे.

इथपर्यंत ठीक. पण तरुण कळीकडे निघाल्यावर एक विचित्र गोष्ट दिसते. समोर बाई नाहीच. तिच्याऐवजी एक टोळी आहे. तिच्या मनातला गोडवा म्हणजे ‘सुस्वागत’ नावाचा एक देखणा तरुण. तिचा नकार म्हणजे सोटा घेतलेला एक दांडगट राखणदार. शिवाय लाज, भीती आणि गावभर चहाड्या करणारं ‘वाईट तोंड’. सुस्वागत तरुणाला जवळ येऊ देतो, दांडगट हाकलून देतो, मत्सर किल्ला बांधून सुस्वागताला आत कोंडतो. सी. एस. लुईस यांनी 1936 मध्ये ‘द अॅलेगरी ऑफ लव्ह’ या पुस्तकात दाखवून दिलं की हा तक्ता नव्हे, ही एका मुलीच्या मनातली धावपळ आहे. कादंबरी जन्मायच्या आधी मनातलं द्वंद्व दाखवायचं तर मनाचे तुकडे करून त्यांना पायांवर उभं करावं लागायचं. ते वाचल्यावर मला गियोम एकदम जवळचा वाटला. ‘काल इतकी छान बोलली, आज रिप्लायच नाही’ या अवस्थेचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. काल सुस्वागत दारात होता, आज सोटेवाला आहे, एवढंच.

पण लुईस यांच्या मांडणीत एक गोष्ट मला खटकत राहते. तुकडे कुणाचे होतात? तरुणाचे जवळजवळ नाहीत. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मी’ म्हणून एकसंध आहे. तुकडे होतात बाईचे. आणि एकदा तिचा नकार सोटा घेतलेला राखणदार झाला की तो ऐकण्याची गोष्ट राहत नाही, चुकवण्याची किंवा मारून टाकण्याची गोष्ट होते. मूळ फ्रेंचमध्ये सुस्वागत व्याकरणानं पुल्लिंगी आहे, आणि जुन्या हस्तलिखितांतले चित्रकार त्याला कधी मुलगा काढतात, कधी मुलगी. म्हणजे त्यांनाही प्रश्न पडला असणार की या सगळ्यात ती बाई आहे कुठे.

सुमारे चाळीस वर्षांनी झ्याँ द मँ या दुसऱ्या कवीनं काव्य पुरं केलं आणि 17,000 हून जास्त ओळी घातल्या. तो हुशार आहे, वाचाळ आहे, जगातल्या प्रत्येक विषयावर त्याच्याकडे मत आहे. असे लोक आपल्याला रोज फोनवर भेटतात. शेवट मात्र वाचवत नाही. व्हीनस किल्ल्याला आग लावते, राखणदार पळतात, आणि यात्रेकरूच्या वेशातला प्रियकर काठी घेऊन देवळाच्या अरुंद फटीत शिरतो. रूपक एवढं पातळ झालंय की त्यातून सगळं दिसतं. सुस्वागत परवानगी देतो, हो, पण किल्ला पेटल्यावर.

या काव्याची जवळपास तीनशे हस्तलिखितं आज शिल्लक आहेत, यावरून ते किती वाचलं गेलं असेल ते बघा. 1401-02 मध्ये क्रिस्टीन द पिझान या लेखिकेनं त्यावर उघड हरकत घेतली. ती पंचविशीत विधवा झाली होती, तीन मुलं होती, आणि लिहून घर चालवत होती. समोर राजदरबारातले सचिव आणि विद्वान. त्यांचं म्हणणं, ही मतं कवीची नाहीत, पात्रांची आहेत. वाद ओळखीचा वाटतोय ना? आजही दर दोन महिन्यांनी कुठल्या तरी सिनेमावरून हाच होतो. क्रिस्टीननं पत्रांनी उत्तरं दिली, आणि मग ती सगळी पत्रं एकत्र करून राणीला सादर केली. पण मला जास्त आवडतं ते तिनं 1405 च्या सुमारास केलं ते. ‘स्त्रियांचं नगर’ हे पुस्तक तिनं लिहिलं, आणि तेही रूपकच. विवेक, सचोटी आणि न्याय या तीन बायका येऊन तिच्याशी बोलतात. फरक एवढाच की ज्या बाईशी त्या बोलतात तिला नाव आहे, क्रिस्टीन, आणि ती एकसंध आहे. हत्यार तेच, धरलंय दुसऱ्या टोकानं.

आता परत चॉसरच्या खोलीत. बाहेर शिकारीचं शिंग वाजतं, निवेदक घोड्यावर बसून निघतो, हरिण निसटतं. मग कुठूनसं एक कुत्र्याचं पिल्लू येतं, कान पाडून, ओळख असल्यासारखं. तो पकडायला जातो तर पळतं. त्याच्यामागे झाडीत शिरल्यावर ओकच्या झाडाला टेकून बसलेला, काळ्या कपड्यांतला एक तरुण सरदार दिसतो. तो स्वतःशीच एक लहानसं गाणं म्हणतोय, आणि त्या गाण्यात स्पष्ट आहे की त्याची प्रिया मेली. निवेदक ते ऐकतो. आपणही ऐकतो.

तरीही तो विचारतो, काय झालं? आणि सरदार रूपकात बोलायला लागतो. दैव नावाच्या बाईशी मी बुद्धिबळ खेळलो, तिनं कपटानं माझा वजीर मारला आणि मला मात दिली, अशी त्याची कैफियत.

इथे मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या एक पाऊल पुढे आहे. इंग्रज आज त्या सोंगटीला राणी म्हणतो, त्यामुळे त्याला अर्थ लगेच कळतो, राणी म्हणजे प्रिया. पण चॉसरनं वापरलेला शब्द ‘फर्स’ आहे. तो अरबीतल्या फिर्झानवरून आलाय आणि त्याच्या मुळाशी फारसी फर्झीन आहे, म्हणजे राजाचा सल्लागार, आपला वजीर! शिवाय त्या काळच्या पटावर हा मोहरा आजच्यासारखा बलाढ्य नव्हता, तिरपं एकच घर चालायचा. तेव्हा निवेदक जेव्हा म्हणतो की एका वजिरासाठी जगातला कुठलाही माणूस एवढा शोक करणार नाही, तेव्हा तो पटाच्या हिशोबानं अगदी बरोबर बोलतोय. सरदार उत्तर देतो की तू काय बोलतोयस ते तुला कळत नाही, तू समजतोस त्याहून जास्त मी गमावलंय. आणि हे तो तीन वेगवेगळ्या वेळी म्हणतो.

समीक्षक या निवेदकावरून भांडत आलेत. काहींच्या मते तो मठ्ठ आहे, गाणं ऐकूनही त्याला उमगलेलं नाही. काहींच्या मते तो कमालीचा समजूतदार आहे. न कळल्याचं सोंग घेऊन तो सरदाराला बोलतं करतो, म्हणजे दुःख हळूहळू बाहेर येईल. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दुसरं मत पटलं होतं. आता खात्री नाही, आणि त्याला कारण माझे आजोबा आहेत.

आज्जी गेली त्यानंतर काही महिने मी आजोबांना रोज संध्याकाळी फोन करायचो. ते आज्जीबद्दल कधीच बोलले नाहीत. बोलायचे ते भिंतीवरच्या चावीच्या घड्याळाबद्दल. घड्याळ मागे पडतंय रे. काल दहा मिनिटं, आज पंधरा. मी इंजिनिअर माणूस. मी आधी विचारलं, चावी कुणी देतंय का? मग म्हटलं, तेल घालून बघा. शेवटी ऑनलाइन एक सेलचं घड्याळ मागवून थेट गावी पाठवलं आणि माझ्यापुरता प्रश्न मिटवला. आजोबा म्हणाले, “अरे, बंद नाही पडलेलं. मागे पडतंय.” मी म्हटलं, “आबा, तेच तर म्हणतोय, हे नवीन मागे पडणार नाही.” दिवाळीला गेलो तेव्हा खोकं न उघडता माळ्यावर होतं. चावी कायम आज्जी द्यायची, रविवारी सकाळी, खुर्चीवर चढून, हे मला त्या खुर्चीकडे बघून आठवलं.

मी सोंग घेत नव्हतो. मला खरंच कळलं नव्हतं, आणि तरी आबा रोज बोलत राहिले. म्हणून आता मला वाटतं की चॉसरचा निवेदक मठ्ठ की समजूतदार हा प्रश्न तितका महत्त्वाचा नाही. सरदाराला समोर असा कुणीतरी हवा होता जो वजीर म्हणजे वजीरच समजेल. लगेच ओळखून ‘समजलं, समजलं’ म्हणणारा माणूस भेटला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. रूपक कळत नसलेल्या श्रोत्यामुळे सरदाराला रूपक टाकून द्यावं लागतं आणि पहिल्यापासून सांगायला बसावं लागतं.

सांगतो त्यात एक जागा आहे जिच्यासाठी मी भिंतीवरच्या गुलाबाचं एवढं पुराण लावलं. त्यानं त्या मुलीला आपलं प्रेम बोलून दाखवलं, चाचरत, मान खाली घालून. ती नाही म्हणाली. सोटेवाला नाही, किल्ला नाही, एका माणसानं तोंडानं सांगितलेलं नाही. आणि तो गेला. पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा तिला त्याचं मन कळलं, तिनं होकार दिला, अंगठी दिली. त्यानं तिचं नाव सांगितलंय, व्हाइट. तिची स्तुती लांबलचक आहे आणि त्यातला बराच भाग, केस, डोळे, मान, त्या काळच्या साच्यातला आहे. तिथे मला जांभई आली हे कबूल करतो. पण या एका नकारानं ती साच्यातून बाहेर येते. भिंतीवरच्या चित्रात जे कधी होत नाही ते चित्राबाहेर झालं.

मग निवेदक विचारतो, ती आता कुठे आहे? सरदार दगडासारखा गप्प होतो, मग पुन्हा तेच, मी जास्त गमावलंय वगैरे. निवेदक पुन्हा विचारतो. आणि तो सांगतो की ती मेली. निवेदकाच्या तोंडून निघतं, नाही! हजाराच्या वर ओळी झाल्यावर, बुद्धिबळ, दैव, ओविड, ट्रॉय सगळं संपल्यावर, कविता दोन-चार उघड्या शब्दांवर येते. निवेदक एक साधं हळहळणारं वाक्य बोलतो, त्यापुढे काही नाही. उपदेश नाही, स्वर्ग नाही. त्याच क्षणी शिकार संपते. त्या काळच्या इंग्रजीत हरिण आणि हृदय या दोन्हींचा उच्चार एकच होता, हे माहीत असलं तर शिकार कसली चालली होती तेही कळतं.

हे स्वप्न खऱ्या माणसासाठी लिहिलेलं होतं. तिसऱ्या एडवर्ड राजाचा मुलगा जॉन ऑफ गाँट याची बायको ब्लांश 1368 मध्ये विशीतच वारली. ब्लांश म्हणजे फ्रेंचमध्ये पांढरी, व्हाइट. चॉसर तेव्हा साधारण माझ्या वयाचा होता, आणि समोरचा माणूस देशातल्या सर्वात बलाढ्य लोकांपैकी एक. अशा माणसाला ‘तुमची बायको मेली’ हे कुणी सांगायचं? कविता ते त्याच्याच तोंडून वदवते, आणि स्वतः न कळल्याचा दोष पत्करते. शिवाय हे सगळं स्वप्न होतं, म्हणजे कुणी काही बोललंच नाही असंही म्हणायची सोय. मध्ययुगात स्वप्नांचे अधिकृत पाच प्रकार होते, मॅक्रोबियस या लॅटिन लेखकानं लावलेले, आणि प्रियकराला पडणारी प्रेमाची स्वप्नं त्यानं निरुपयोगी प्रकारात टाकली होती. कवींनी नेमका तोच निरुपयोगी खण उचलला. तिथे कुणी तपासायला येत नाही.

याच शतकात इंग्लंडमध्ये आणखी एक स्वप्न लिहिलं गेलं, ‘पर्ल’, मोती. कवीचं नाव माहीत नाही, हस्तलिखित एकच, 1731 च्या आगीतून वाचलेलं. जवाहिऱ्याचा मोती बागेत हरवलाय, आणि हळूहळू कळतं की मोती म्हणजे दोन वर्षंही पुरी न झालेली मुलगी. स्वप्नात ती नदीपलीकडे दिसते, मोठी झालेली, शहाणी, आणि बापाला चांगलंच खडसावते. बाप ऐकून घेतो, हो हो म्हणतो, आणि शेवटी न राहवून नदीत उडी घ्यायला धावतो. तिथेच जाग येते. कारागिरीत ‘पर्ल’ कितीतरी सरस आहे, 101 कडवी एकमेकांत साखळीसारखी गुंफलेली. पण तिथे मेलेली मुलगी परत येऊन बोलते. व्हाइट येत नाही. मला रात्री दोन वाजता चॉसरच खरा वाटतो.

वाचायचं असेल तर ‘द बुक ऑफ द डचेस’पासून सुरुवात करा. 1,334 ओळी आहेत, आधुनिक इंग्रजी शेजारी ठेवून एका बैठकीत होतात. स्तुतीचा भाग भरभर वाचला तरी चालेल. गुलाबाच्या काव्यातला गियोमचा भाग आवर्जून वाचा, झ्याँचा चवीपुरता, आणि क्रिस्टीनची पत्रं हाताशी ठेवा. ते पिल्लू पुढे कुठे गेलं असं मला कुणी विचारू नका. झाडीत शिरल्यावर चॉसर त्याचं नाव पुन्हा काढत नाही, आणि मी प्रत्येक वेळी शोधतो.